क्षणप्रभांचें कुलगोत्र

शिर्डीसारख्या क्षेत्राच्या गांवीं परका मनुष्य भेटला म्हणजे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोठून आलांत?’ हा. नांव, धंदा, वय या गोष्टी मागाहून. आणि असा प्रश्न करणारा ग्रामस्थ दुसरीही एक गोष्ट अनुभवानें जाणत असतो. एखाद्या ओटीवर बसलेला मनुष्य त्या घरचाच असेल असें नाहीं. रामनवमीच्या गर्दींत तर जो ज्या पायरीवर टेकला असेल तो बहुधा त्या घरचा नसतोच. ज्या सत्पुरुषामुळें या लहानशा गांवाचें नांव देशभर झालें, त्यांचें स्वतःचें जन्मस्थान व कुल कोणतें याचा निर्णय आजतागायत झालेला नाहीं. ते येथें राहिले व १९१८ च्या ऑक्टोबरांत येथेंच समाधिस्थ झाले, एवढें निश्चित. दिसण्याचें ठिकाण आणि मूळचें ठिकाण हे दोन निराळे प्रश्न आहेत, इतकें ध्यानांत ठेवून वाचकांनीं पुढील हकीकत वाचावी. ती माणसांची नाहीं, आकाशांत पळभर चमकून जाणाऱ्या गॅमा किरणांच्या स्फोटांची आहे. परंतु तिच्यांतील सारा वाद याच दोन प्रश्नांभोंवतीं फिरत आला आहे.

हिचा आरंभ ज्योतिषांत नव्हे, राजकारणांत झाला. १९६३ सालीं अमेरिका, सोव्हिएट रशिया व ब्रिटन यांनीं वातावरणांत, समुद्रांत व अवकाशांत अणुस्फोटाचे प्रयोग न करण्याचा करार केला. सह्या झाल्या म्हणून विश्वास बसतोच असें नाहीं. तेव्हां प्रतिपक्ष कोठें चोरून स्फोट करतो कीं काय हें पाहण्यासाठीं अमेरिकेनें ‘वेला’ नांवाचे उपग्रह आकाशांत पाठविले. अणुस्फोटांतून गॅमा किरण बाहेर पडतात. ते टिपणारीं यंत्रें या उपग्रहांवर होतीं. २ जुलै १९६७ रोजीं त्यांनीं अशा किरणांचा एक लोट टिपला, पण त्याचें चढणें-उतरणें बाँबच्या स्फोटासारखें नव्हतें. लॉस अलामॉस येथील क्लेबेसॅडेल, स्ट्राँग व ओल्सन या त्रयीनें १९७३ सालीं अशा सोळा स्फोटांचा वृत्तांत प्रसिद्ध केला व त्यांचें मूळ पृथ्वीवर नाहीं आणि सूर्यांतही नाहीं एवढें दाखवून दिलें. चोराच्या पाळतीवर ठेवलेल्या शिपायाला दूरच्या क्षितिजावर वीज लवतांना दिसावी, तसा हा प्रकार झाला.

मूळ कोठें नाहीं हें कळलें. कोठें आहे हें मात्र कळेना. गॅमा किरण भिंगानें वळत नाहींत व साध्या आरशावरून परततही नाहींत, त्यामुळें त्यांची प्रतिमा घेतां येत नाहीं. स्फोट झाला हें समजावें आणि दिशा मात्र अंदाजानें सांगावी, अशी स्थिति होती. पत्ता नसला म्हणजे कल्पनेला बंधन राहत नाहीं. पुढील वीस वर्षांत या स्फोटांविषयीं शंभराहून अधिक उपपत्ती मांडल्या गेल्या. त्यांपैकीं एक आपल्याकडील होती: १९७४ सालीं जयंत नारळीकर, कृष्ण अप्पाराव व नरेश दधीच यांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत असें सुचविलें कीं, कृष्णविवराच्या उलट वागणारीं, म्हणजे द्रव्य गिळण्याऐवजीं बाहेर फेंकणारीं श्वेतविवरें या क्षणिक किरणांचें उगमस्थान असूं शकतील. ही कल्पना टिकली नाहीं. पण आमच्या मतें तिला हंसणें अन्यायाचें होईल, कारण जे स्फोट आपल्या सूर्यमालेच्या शेजारीं होतात कीं विश्वाच्या दुसऱ्या टोंकाला होतात हेंच ठाऊक नाहीं, त्यांच्याविषयीं कोणती कल्पना अधिक वेडी हें ठरविणार कोण?

१९९१ च्या एप्रिलांत ‘कॉम्प्टन’ वेधशाळा अवकाशांत गेली. नऊ वर्षांत तिनें २७०४ स्फोट नोंदविले व ते आकाशांत सर्व दिशांस सारखे विखुरलेले आढळले. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याकडे त्यांचा ओढा नव्हता. तिच्याच नोंदींवरून १९९३ सालीं कूव्हेलिओटू आदि संशोधकांनीं स्फोटांच्या दोन जाती दाखविल्या. एक दोन सेकंदांहून दीर्घ, दुसरी त्याहून अल्प. तरी अंतराचा निकाल लागला नाहीं. १९९५ सालीं वॉशिंग्टन येथें पाचिन्स्की व लँब या दोन पंडितांचा त्यावर जाहीर वादविवाद झाला आणि श्रोते आले तसेच संशयांत परत गेले.

निकाल लावला तो क्ष-किरणांनीं. गॅमा किरणांच्या मानानें क्ष-किरण सौम्य. अगदीं तिरप्या कोनांत धरलेल्या गुळगुळीत आरशांवरून त्यांना घसरवीत एका बिंदूवर आणतां येतें आणि मग त्यांचें चित्र मिळतें. स्फोट विझल्यावरही त्याच्या वेगवान द्रव्यानें भोंवतालच्या विरळ वायूला धडक दिली म्हणजे तेथें क्ष-किरणांची प्रभा कांहीं तास, कांहीं दिवस रेंगाळत असते. चूल विझली तरी ऊब राहते, तसें. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीं इटली व नेदरलंड यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहानें एका दीर्घ स्फोटामागची ही ऊब प्रथम पकडली. त्याच वर्षीं मे महिन्यांतील दुसऱ्या एका स्फोटाचें अंतर कॅलिफोर्नियांतील ज्या मंडळानें मोजलें, त्यांत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील कुरुंदवाड येथें जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे होते. त्या स्फोटाचा प्रकाश निघून सुमारें सात अब्ज वर्षें झालीं होतीं! तीस वर्षांचा वाद एका वर्णपटानें मिटला.

कुलकर्णी व त्यांचे सहकारी ब्लूम आणि जॉर्गोव्हस्की यांनीं पुढें केलेलें काम आम्हांला त्याहूनही मोलाचें वाटतें. स्फोट कोणत्या दीर्घिकेंत झाला एवढ्यावर न थांबतां, त्या दीर्घिकेच्या मध्यापासून किती दूर झाला, हें त्यांनीं वीस दीर्घ स्फोटांच्या बाबतींत मोजलें व २००२ सालीं प्रसिद्ध केलें. गांव कळलें, आतां आळी कोणती? उत्तर असें आलें कीं, दीर्घ स्फोट दीर्घिकांच्या तेजस्वी भागांतच, जेथें नवे तारे जन्मत असतात तेथेंच होतात. प्रचंड ताऱ्यांचें आयुष्य अल्प; ते जन्मले त्या पाळण्याशेजारींच मरतात. तेव्हां दीर्घ स्फोट म्हणजे प्रचंड ताऱ्यांचा मृत्यु, या मताला स्थानाची साक्ष मिळाली.

अल्पजीवी स्फोटांविषयींचें भाकीत याच्या अगदीं उलट होतें. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोंवतीं फिरत, हळूहळू जवळ येत, अखेर एकमेकांवर आदळतात व त्यांतून हे स्फोट होतात, असा तर्क होता. असें युग्म अस्तित्वांत असतें हें १९७४ सालीं हल्स व टेलर यांनीं शोधलेल्या जोडीवरून कळलें होतें. ती जोडी पावणेआठ तासांत एक प्रदक्षिणा करते व सुमारें तीस कोटी वर्षांनीं एक होणार आहे. आतां न्यूट्रॉन तारा जन्मतो तो भयंकर स्फोटांतून, आणि तो स्फोट सर्व बाजूंनीं सारखा नसल्यानें नवजात ताऱ्याला धक्का बसतो. या धक्क्यानें जोडी सेकंदाला शंभर किलोमीटर वेगानें निघाली असें धरूं. एक अब्ज वर्षांत ती तीन लक्ष तेहतीस हजार प्रकाशवर्षें जाईल. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारें एक लक्ष प्रकाशवर्षें आहे. दीर्घिकेचें गुरुत्वाकर्षण तिला मागें ओढील हें खरें. तरी अशी जोडी जन्मघरापासून दूर, वेशीवर किंवा वेशीबाहेर, मरण पावावी हेंच संभवनीय. ज्योतिषाच्या भाषेंत सांगावयाचें तर, तर्क खरा असेल तर अल्पजीवी स्फोटांचें स्थान दीर्घिकेच्या मध्यापासून दूर सांपडलें पाहिजे.

पण हें पडताळावयाचें कसें? यांची प्रभा फारच क्षीण, आणि २००५ पर्यंत ती एकदांही पकडली गेली नव्हती. २००४ च्या नोव्हेंबरांत ‘स्विफ्ट’ उपग्रह गेला. याचें वैशिष्ट्य असें कीं, गॅमा किरणांचा स्फोट टिपतांच तो आपली क्ष-किरण दुर्बीण मिनिट-दीड मिनिटांत तिकडे वळवितो. ९ मे २००५ रोजीं सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याहूनही अल्प असा एक स्फोट झाला. बासष्टाव्या सेकंदाला दुर्बीण तिकडे लागली होती. तिच्या हातीं किती क्ष-किरणकण आले? अकरा. या अकरा कणांवर जगभरच्या दुर्बिणी कामाला लागल्या.

अकरा कणांवरून निघालेला पत्ता ९.३ विकला त्रिज्येच्या वर्तुळाइतका होता. अंश, कला, विकला हें माप आपल्या जुन्या ज्योतिषांतलेंच. पण विकला केवढी हें सहज ध्यानांत येत नाहीं. शिर्डींत उभें राहून पांच किलोमीटरांवरच्या राहात्याच्या बाजारांत कोणी अडीच सेंटीमीटर रुंदीचें नाणें धरलें, तर तें जेवढें दिसेल तेवढी एक विकला. कॉम्प्टन वेधशाळेचे पत्ते कित्येक अंशांनीं सैल असत. त्या मानानें हा पत्ता अद्भुतच. त्या वर्तुळाच्या कडेशीं एक थोरली लंबवर्तुळाकार दीर्घिका होती, जिच्यांत नवे तारे जन्मण्याचें कधींच थांबलेलें आहे. तिच्यापासून निघालेल्या प्रकाशाला येथें येण्यास पावणेतीन अब्ज वर्षें लागतात. स्फोट तिच्या मध्यापासून एक लक्ष प्रकाशवर्षांहून दूर होता. तर्काला हवें होतें तेंच मिळालें. मात्र त्याच वर्तुळांत अनेक अंधुक दीर्घिकाही होत्या! स्फोट त्यांतल्याच एखादीचा नसेल कशावरून?

येथें आमच्या पहिल्या प्रश्नाशीं गांठ पडते. क्ष-किरण स्थान सांगतात. नातें सांगत नाहींत. नातें ठरवावें लागतें तें संभाव्यतेच्या गणितानें. तेजस्वी दीर्घिका आकाशांत विरळ असतात; तेव्हां अशा एकीच्या शेजारीं स्फोट योगायोगानें दिसणें कठीण, आणि म्हणून तेथें शेजार हा नात्याचा पुरावा होतो. अंधुक दीर्घिका मात्र जिकडे तिकडे आहेत. कोठेंही बोट ठेवलें तरी एखादी जवळ निघेल, म्हणून त्यांच्या शेजाराला किंमत नाहीं. ओसाड माळावर दोन माणसें जोडीनें चाललेलीं दिसलीं तर तीं एकत्र निघालीं असावींत असें आपण मानतों. बाजारांत खांद्याला खांदा लागला म्हणून मानीत नाहीं. मे महिन्यांतला निर्णय या न्यायानें थोरल्या दीर्घिकेकडे गेला, पण तो निर्णय होता, दर्शन नव्हतें.

दोन महिन्यांतच अधिक बळकट साक्षी आल्या. ९ जुलैच्या स्फोटानंतर ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीनें, जिला आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांचें नांव दिलें आहे, विकलेच्या आंतला पत्ता दिला आणि प्रथमच अल्पजीवी स्फोटामागची साध्या प्रकाशांतली प्रभाही सांपडली. या शोधाच्या लेखकांतही कुलकर्णी होते. ही दीर्घिका नवे तारे प्रसवणारी होती आणि स्फोट तिच्या कडेला झाला होता. २४ जुलैचा स्फोट पुनः एका वृद्ध दीर्घिकेचा निघाला. वृद्ध आणि तरुण दोन्ही घरीं ज्यांचें जाणेंयेणें, ते प्रचंड अल्पायुषी तारे असूं शकत नाहींत. त्यानंतरच्या वर्षांत पत्ते सांचत गेले. २०२२ सालीं वेन-फाय फाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नव्वद स्फोटांचा हिशेब मांडला. त्यांत अल्पजीवी स्फोटांचें मध्यापासूनचें मध्यम अंतर सुमारें पंचवीस हजार प्रकाशवर्षें येतें. दीर्घ स्फोटांचें हें अंतर त्याच्या एका लहान अंशाएवढेंच आहे.

या आंकड्यांकडे पाहतांना एक सावधगिरी हवी. स्विफ्टचा पत्ता बहुधा दोन ते पांच विकला सैल असतो, आणि पांच अब्ज वर्षांमागच्या दीर्घिकेवर एक विकला म्हणजे जवळजवळ वीस हजार प्रकाशवर्षें! म्हणजे मोजावयाचें अंतर व मापाची चूक हीं सारख्याच तोलाचीं. मग ज्यांची साध्या प्रकाशांतली प्रभा दिसली तेवढेच स्फोट घ्यावेत असें कोणी म्हणेल. पण ती प्रभा दाट वायूंतच ठळक दिसते, आणि दाट वायु दीर्घिकेच्या आंत असतो. तेव्हां अशी निवड केली कीं घराबाहेर मेलेले आपोआप यादींतून गळतात. जनगणना करणाऱ्यानें फक्त घरीं सांपडलेल्यांचीं नांवें लिहावींत आणि या गांवचा कोणी परगांवीं जात नाहीं असा निष्कर्ष काढावा, तशांतली ही गत. यासाठींच क्ष-किरणांचे सैल पत्तेही टाकून न देतां त्यांचा सैलपणा हिशेबांत धरावा लागतो.

शेजार आणि नातें यांतील भेद किती महत्त्वाचा याचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतील संशोधकांच्या हातून घडलें आहे. तो स्फोट दीर्घ जातीचा होता, परंतु न्याय एकच. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोटा येथून ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह उडाला. त्यावरील कठीण क्ष-किरण टिपणारें सी. झेड. टी. आय. हें यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढारीपणाखालीं व पुण्याच्या आयुकाच्या सहकार्यानें झालें. ६ ऑक्टोबर रोजीं यंत्र सुरू झालें आणि त्याच दिवशीं त्यानें एक गॅमा-स्फोट टिपला. सलामी चांगली झाली म्हणावयाची.

४ जानेवारी २०१७ रोजीं अमेरिकेंतील लायगो वेधशाळांना दोन कृष्णविवरांच्या मीलनाची गुरुत्वलहर जाणवली. लहरीचा पत्ता फारच ढोबळ. दुसऱ्या दिवशीं ‘ॲटलस’ दुर्बिणीला त्याच ढोबळ पट्ट्यांत झपाट्यानें मावळणारी एक ज्योत दिसली व तिच्या जागीं स्विफ्टला क्ष-किरणही आढळले. कृष्णविवरांच्या मीलनांतून प्रकाश निघूं नये असें शास्त्र सांगतें. तेव्हां ही ज्योत त्या मीलनाची ठरती तर शास्त्राचीं कांहीं पानें नव्यानें लिहावीं लागतीं. वरुण भालेराव, मानसी कासलीवाल, दीपंकर भट्टाचार्य आदि मंडळींनीं सी. झेड. टी. आय. च्या नोंदी चाळल्या. लहरीच्या क्षणीं कांहीं नाहीं. पण तिच्यानंतर सुमारें वीस तासांनीं एक गॅमा-स्फोट नोंदलेला होता, आणि ज्योतीच्या मावळण्याचा वेग उलटा मोजीत गेलें तर तिचा जन्म त्याच सुमारास पडत होता. ज्योत त्या स्फोटाची. लहरीशीं तिचा संबंध केवळ एका आळींत उभें राहण्याचा. एका मोठ्या शोधाची बातमी या नोंदींनीं बुडविली. आम्हांस विचाराल तर नवा शोध लावण्याइतकेंच हें काम तोलाचें आहे, जरी त्याबद्दल कोणी मिरवणूक काढीत नाहीं.

त्याच वर्षीं १७ ऑगस्टला खरा योग आला. आपल्याकडे सायंकाळचे ६ वाजून ११ मिनिटें झालीं असतां दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली व पावणेदोन सेकंदांनीं फर्मी उपग्रहाला अल्पजीवी गॅमा-स्फोट दिसला. दुर्दैवानें ॲस्ट्रोसॅट त्या वेळीं पृथ्वीच्या आड होता. सुमारें अकरा तासांत चिलीमधील एका दुर्बिणीला तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील एन. जी. सी. ४९९३ या दीर्घिकेंत नवी ज्योत सांपडली, मध्यापासून दहा विकला अंतरावर. क्ष-किरण मात्र लगेच दिसले नाहींत. ते चंद्रा दुर्बिणीला नवव्या दिवशीं आढळले आणि नंतर कित्येक आठवडे विझण्याऐवजीं वाढतच गेले. स्फोटाचा झोत आपल्या रोखानें नव्हता, थोडा बाजूला होता, म्हणून हा उशीर. शिर्डीहून संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा या वाटेनें नारायणगांवीं गेलें म्हणजे जवळच खोडद लागतें. तेथील पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या महादुर्बिणीनेंही पुढील महिन्यांत त्या ठिकाणची रेडिओ-प्रभा टिपली. न्यूट्रॉन ताऱ्यांचें मीलन आणि अल्पजीवी स्फोट यांचें नातें एकदां तरी प्रत्यक्ष शाबीत झालें.

या मीलनाच्या प्रकाशांत जड मूलद्रव्यें नव्यानें बनल्याच्या खुणा मिळाल्या. घरच्या मंगळसूत्रांतील सोन्याचा निदान कांहीं भाग अशाच एखाद्या टकरींतून आला असला पाहिजे. म्हणूनच मीलन घरांत होतें कीं घराबाहेर, हा प्रश्न केवळ नकाशाचा राहत नाहीं. दीर्घिकेच्या आंत झालें तर सोनें वायूंत मिसळून पुढच्या पिढीच्या ताऱ्यांच्या व ग्रहांच्या वांट्यास येतें; बाहेरच्या पोकळींत झालें तर बहुतेक वाया जातें.

आणि असे कांहीं स्फोट आहेत कीं ज्यांच्या जागीं हबल दुर्बिणीच्या चित्रांतही ठळक घर दिसत नाहीं. ते शेजारच्या एखाद्या दीर्घिकेंतून हांकलले गेलेले आहेत, कीं फार दूरच्या, न दिसणाऱ्या दीर्घिकेच्या पोटांत आहेत? येथें क्ष-किरण दुसऱ्या तऱ्हेनें उपयोगी पडतात. प्रभा भोंवतालच्या वायूच्या धडकेनें उत्पन्न होते. तेव्हां आरंभींची प्रभा जितकी तेजस्वी तितका वायु दाट असला पाहिजे. २०२० सालीं ओकॉनर, बेनियामिनी व त्याच त्या कूव्हेलिओटू यांनीं हा न्याय लावून दाखविलें कीं, दीर्घिकांबाहेरच्या पोकळींत शोभावा इतका विरळ वायु ज्यांच्याभोंवतीं असूं शकेल असे अल्पजीवी स्फोट फार तर सहांत एक आहेत. म्हणजे बेघर दिसणाऱ्यांपैकीं पुष्कळांना घर आहे, तें आपल्याला दिसत नाहीं इतकेंच. हा युक्तिवाद आम्हांस पटतो. मनुष्य कोठला हें त्याच्या पायांच्या धुळीवरून ओळखावें, तशी ही परीक्षा आहे.

दोन सेकंदांची जुनी मर्यादाही आतां डळमळली आहे. ७ मार्च २०२३ चा स्फोट अर्ध्या मिनिटाहून अधिक टिकला, तरी त्याच्या मागें जेम्स वेब दुर्बिणीला जड मूलद्रव्यांची खूण मिळाली आणि त्याचें स्थान संभाव्य घरापासून सुमारें एक लक्ष तीस हजार प्रकाशवर्षें दूर निघालें. वयावरून जात ओळखतां येत नाहीं असें ठरल्यावर पत्त्याचें मोल आणखीच वाढलें. पत्ता नीट मिळावयाचा तर प्रथम गुरुत्वलहरींचा ढोबळ पट्टा लहान झाला पाहिजे, कारण स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या नजरेंत एका वेळीं पूर्ण चंद्राहूनही थोडें लहान आकाश मावतें. लायगोची तिसरी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ च्या एप्रिलांत मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, खर्चाचा अंदाज सव्वीसशें कोटी रुपये. अमेरिकेंतील दोन वेधशाळा व ही तिसरी यांच्यामध्यें पृथ्वीचा मोठा विस्तार असल्यानें लहर पोंचण्याच्या वेळांतील फरक स्पष्ट पडेल, आणि आज जो पट्टा शेंकडों अंशांचा असतो तो पुष्कळ वेळां इतका आकसेल कीं त्यांतील दीर्घिका एकेक करून पाहतां येतील.